वाळू बघायला सतरा हजार?

पत्र थोडक्यात: दोहात अकरा वर्षं राहणाऱ्या एका ताईंचे आईवडील सांगलीहून पाच आठवड्यांसाठी आले आहेत. वडील ७३ वर्षांचे, एसटीत ३१ वर्षं चालक होते. चार वर्षांपूर्वी बायपास झाली आहे. आई ६८ वर्षांच्या. गुडघे आणि कंबर कायमची धरलेली. ताई आणि त्यांचे यजमान दोघंही नोकरीला, मुलगा बारा वर्षांचा. तीन आठवडे संपत आले आणि 'आईबाबांना अजून काही दाखवलंच नाही' अशी टोचणी लागली, म्हणून ताईंनी पुढच्या शनिवारसाठी अर्ध्या दिवसाची खासगी टूर बघून ठेवली आहे: गाडी फक्त घरच्यांसाठी, सीलाइनचा किनारा, वाळूच्या टेकड्या आणि खोर अल अदैदचं पाणी. गाडीचे ७०० रियाल, म्हणजे सतरा हजारांच्या आसपास रुपये. यजमान म्हणतात, 'माझ्या मित्राकडे फोर बाय फोर आहे, फुकट जाऊ.' आई म्हणतात, 'वाळू बघायला सतरा हजार?' पुण्यातला भाऊ म्हणतो, 'बाबांचा जीव धोक्यात घालू नकोस.' मुलाला फक्त टेकड्यांवरून गाडी उडवायची आहे. 'बाबांचं काय, ते कशालाही हो म्हणतात. आम्ही जावं का? आणि खासगी गाडीवर पैसे घालवणं ही चैन आहे का?' असं ताईंनी विचारलं आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात नवरा बोलतोय, आई बोलतायत, पुण्याचा भाऊ बोलतोय, पोरगा तर ओरडतोयच. गप्प आहेत ते एकटे बाबा. त्यांच्या वाट्याला एकच ओळ आलीय, ते कशालाही हो म्हणतात ही. त्यांच्याकडे मी नंतर येते, कारण मला वाटतं या टूरचे खरे प्रवासी तेच आहेत.

आधी 'दाखवण्या'बद्दल. परदेशी राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांना हा रोगच असतो. आईबाप विमानतळावर उतरले की मनात यादी सुरू होते: म्युझियम, सूक वाकिफ, कॉर्निश, मॉल, वाळवंट. यादी पूर्ण झाली नाही तर आपण कमी पडलो. पण हे तीन आठवडे ते फ्लॅटमध्ये कंटाळलेत, असं तुम्ही धरून चाललाय. त्यांना विचारलंत का? तुम्हीच लिहिलंय की बाबा रोज संध्याकाळी खाली कॅफेटेरियाच्या बाकावर करक चहा घेऊन बसतात आणि आई तिसऱ्या मजल्यावरच्या केरळी बाईंशी हातवारे करून पाककृतींची देवाणघेवाण करतात. हा काही कंटाळलेल्या माणसांचा दिनक्रम वाटत नाही. कंटाळलाय तो तुमचा अपराधी भाव, कारण तुम्ही सकाळी सातला बाहेर पडता आणि परत येता तेव्हा आईने भाकरी थापून ठेवलेल्या असतात. अर्ध्या दिवसाच्या टूरने पाच आठवड्यांची भरपाई करायला निघालात, तर ती टूर फार जड होईल. प्रत्येक क्षणी तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसाल: आवडतंय ना? आवडतंय ना? आणि ते म्हणतील, 'छान आहे हो.'

या 'छान आहे हो'ची माझी एक वेगळीच आठवण आहे. काही वर्षांपूर्वी मी सासूबाईंना घेऊन जैसलमेरला गेले होते. सम इथल्या वाळूच्या टेकड्यांवर जीपमधून फिरवतात, तिथे आम्हीही बसलो. जीप उघडी, चालक विशीतला, शेजारच्या जीपशी त्याची शर्यत लागलेली. मी पुढे बसून व्हिडिओ काढत होते आणि मागे सासूबाई दोन्ही हातांनी दांडी धरून बसल्या होत्या. उतरल्यावर मी विचारलं, 'कसं वाटलं?' त्या म्हणाल्या, 'छान होतं हो.' रात्री त्यांनी तेल गरम करून मागितलं. तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत कळलं की त्यांना बसताही येत नव्हतं. तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात मागून एकदा हळूच आवाज येतो, 'जरा सावकाश...' आणि मी तो ऐकलेलाच नाही.

म्हणून 'खासगी गाडी म्हणजे चैन का' या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथून सुरू होतं. मोकळी सीट आणि घरच्यांचेच फोटो यांसाठी ७०० रियाल देत असाल तर ती चैनच. पण त्या पैशांत तुम्ही 'सावकाश' म्हणायचा हक्क विकत घेत असाल, तर तो सौदा स्वस्त आहे. थांबा म्हणायचा, इथूनच मागे फिरू म्हणायचा, आता अर्धा तास काहीच करायचं नाही म्हणायचा हक्क. अनोळखी लोकांबरोबरच्या सामायिक गाडीत तो मिळत नाही. तिथे चालकाला सगळ्यांचं मन राखायचं असतं आणि बहुतेकांचं मन उडण्यात असतं. गंमत अशी की खासगी गाडी घेऊनही बहुतेक लोक हा हक्क वापरत नाहीत. चालक ठरलेल्या क्रमाने नेतो आणि आपण जातो. तेव्हा बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा: टेकड्यांवरून उड्या नकोत, दोन ज्येष्ठ माणसं आहेत, गाडी शक्य तितकी सपाटीने न्या, पाण्याजवळ जास्त वेळ द्या. आणि गाडीत बसल्यावर हेच चालकाला पुन्हा सांगा, कारण फोन घेणारा वेगळा असतो आणि स्टिअरिंगवर बसणारा वेगळा. दोहात बहुतेक वेळा हिंदी-उर्दूत काम भागतं, त्यामुळे भाषेची सबब नाही.

यजमानांच्या मित्राच्या गाडीची अडचणही हीच. तो मित्र वाईट चालवतो असं मी म्हणत नाही. हिवाळ्यात सीलाइनला असंख्य कुटुंबं स्वतःच्या गाड्या घेऊन जातात. पण तुमचे बाबा त्या मित्राला 'अरे, हळू' म्हणणार नाहीत. आई तर नाहीच नाही. उपकाराच्या गाडीत भीड आधी चढून बसलेली असते. शिवाय वाळूत एकट्या गाडीने जायचं नसतं. किमान दोन गाड्या, फावडं, ओढायचा दोर, हवा भरायचा पंप आणि अडकल्यावर न घाबरणारा माणूस लागतो. मित्राच्या गाडीचा विमा रस्ता सोडल्यावर चालतो का, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. यजमानांना सांगा, मित्राबरोबर मुलाला घेऊन वेगळे जा, दणकून उडा. आईबाबांचा दिवस वेगळा.

आता भाऊ. पुण्यात बसून काळजी करण्याखेरीज त्याच्या हातात काही नाही, म्हणून तो ती जोरात करतोय. त्याच्यावर चिडू नका. उड्यांबद्दल तो बरोबर आहे. बायपास झालेल्यांनी, पाठीचं दुखणं असलेल्यांनी, गरोदर बायकांनी टेकड्यांवरची ती आदळआपट टाळावी, असं चांगले टूरवाले स्वतःच सांगतात. मला तर बाबांपेक्षा आईंची जास्त काळजी वाटते. साठीनंतर बायकांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात आणि एका जोरदार आदळण्यानेही मणक्याला चीर जाऊ शकते. पण 'उड्या नकोत' आणि 'जाऊच नका' यांत पुष्कळ अंतर आहे. सांगलीच्या डॉक्टरांना फोन करा आणि प्रश्न नीट विचारा. 'वाळवंटात नेऊ का?' असं विचारलंत तर ते नाही म्हणतील. मीही नाहीच म्हटलं असतं. 'जाऊन-येऊन दोनेक तास, शेतातल्या वाटेवरून जीपने गेल्यासारखे हादरे बसतील, चालेल का?' असं विचारा. सांगलीच्या डॉक्टरांना शेतातली वाट पक्की माहीत असते. बाबा रक्तदाबासाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी घेत असतील तर तिची त्या दिवशीची वेळही तेव्हाच विचारून घ्या. सीलाइन सोडल्यावर पुढे स्वच्छतागृह नाही. म्हातारी माणसं हे बोलून दाखवत नाहीत. आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करतात आणि मग वाळवंटात चक्कर येते.

डॉक्टर हो म्हणाले तर काय बघायला जाताय ते आधी सांगते. 'वाळूच्या टेकड्या आणि समुद्र' एवढंच माहीत असेल, तर आईंचा सतरा हजारांचा प्रश्न रास्तच आहे.

दोह्याहून दक्षिणेला तासाभरात सीलाइन येतं. वाटेत मेसईदच्या चिमण्या आणि टाक्या लागतात. या गावाचं जुनं नाव उम्म सईद. १९४९च्या अखेरीस कतारचं पहिलं कच्चं तेल बोटीत भरलं गेलं ते इथून; पश्चिम किनाऱ्यावरच्या दुखानहून ते नळाने आणलं होतं. वाळूचे कण रगडून तेल काढायची आपली म्हण एका देशाने अशी खरी करून दाखवलीय, आणि तुमचं घर त्याच तेला-वायूवर चालतंय. बाबांना हे सांगा. त्यांनी ३१ वर्षं डिझेल जाळलंय, त्यांना त्यात रस असेल.

सीलाइनला डांबर संपतं. पुढे खोर अल अदैदपर्यंत रस्ता नाही, म्हणूनच ती गाडी लागते. खोर म्हणजे जमिनीत शिरलेली खाडी. पण ही आपल्या दाभोळ-जयगडसारखी खाडी नव्हे. नदी नाही, झाड नाही, होडी नाही. आखाताचं पाणी एका अरुंद वाटेने आत शिरतं आणि वाळवंटाच्या मधोमध पसरतं. टेकडीची वाळू घसरत घसरत थेट त्या पाण्यात उतरते. पलीकडच्या काठाला दिसतो तो सौदी अरेबिया. समुद्र इतक्या आत वाळूच्या रानात शिरलेला जगात फार थोड्या ठिकाणी सापडतो. २००८पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी दिसतात. दिसतीलच असं नाही. पक्ष्यांनी टूरचे पैसे घेतलेले नसतात.

आणि वाळू. आईंना वाळू म्हणजे कृष्णाकाठचा उपसा आणि रात्री धडधडत जाणारे डंपर. ही वाळू चालते. इथल्या टेकड्या चंद्रकोरीसारख्या असतात: वायव्येकडून येणारा शमाल वारा एका बाजूने वाळू चढवतो आणि दुसऱ्या, खड्या उताराने ती घसरते. अशी अख्खी टेकडी वर्षाला काही मीटर आग्नेयेकडे सरकते. हिमयुगात आखात कोरडं होतं तेव्हा वाळू तिकडून आली. मग आखात भरलं आणि मागचा पुरवठा तुटला. आता आहेत त्या टेकड्या पुढे चालत चालत एकेक करून समुद्रात उतरतायत आणि मागून नवी येत नाही. आईंना टेकडीच्या माथ्यावर चढवू नका, गुडघे परवानगी देणार नाहीत. पण खड्या उताराच्या पायथ्याशी, गाडीचं इंजिन बंद करून, पाचच मिनिटं गप्प उभ्या राहिल्या तर वरून वाळूचा पातळ पदर सुळकन खाली आलेला त्यांना दिसेल. पीठ चाळताना परातीतला ढीग जसा आपोआप ढासळतो, तसाच. कधी त्या घसरण्याला हलका घुमणारा आवाजही असतो. ते दाखवायला बुलडोझरसारखी गाडी चढवावी लागत नाही.

एक मात्र आधी सांगून ठेवते, नाहीतर हिरमोड होईल. सूर्य समुद्रात बुडणार नाही. आपली गणपतीपुळ्याची सवय: समुद्र म्हटला की सूर्यास्त पाण्यात. सीलाइनला समुद्र पूर्वेला आहे, सूर्य वाळूमागे जातो. पाण्यातून वर येणारा सूर्य हवा असेल तर सकाळी जायला हवं. मला विचाराल तर सकाळच. डिसेंबरात दोह्याला पावणेपाचलाच सूर्य मावळतो. दुपारची टूर घेतली तर परत येताना वाळूत अंधार पडतो, आणि काळोखात हादरे आधी दिसत नाहीत, नुसते बसतात. शिवाय शुक्रवार-शनिवारी दुपारी सीलाइनला चारचाकी बाइकवाल्यांची जत्रा असते.

आणि शनिवारच का? मुलाच्या शाळेला डिसेंबरअखेर सुट्टी आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मधल्या वारी एक दिवस रजा टाका. तुमच्या आईला ७०० रियालपेक्षा त्या रजेची किंमत जास्त कळेल. अकरा वर्षांत त्यांच्यासाठी, आजारपण सोडून, मधल्या वारी किती रजा काढल्यात ते आठवून बघा. (मी आठवून बघितलं माझ्यापुरतं. सांगण्यासारखा आकडा नाही.)

आता बाबा.

ताई, आंबा घाटातून भर पावसात पन्नास माणसं रत्नागिरीला उतरवणाऱ्या चालकाला तुम्ही वाळवंट 'दाखवायला' नेताय. त्यांना देखावा किती भावेल मला माहीत नाही. पण सीलाइनला, डांबर संपतं तिथे, चालक खाली उतरेल आणि चारही टायरांची हवा सोडायला लागेल. फस्स करून आवाज येईल. रस्त्यावर पस्तीसेक पौंड असलेली हवा तो पंधरा-अठरापर्यंत उतरवतो. टायर खाली पसरतो, उंटाच्या तळव्यासारखा, आणि वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावर तरंगतो. ज्या माणसाने ३१ वर्षं ड्युटीवर निघताना टायरला लाथ मारून हवा बघितली, त्याला कुणीतरी मुद्दाम हवा सोडताना बघणं म्हणजे काय असेल! त्या दहा मिनिटांत बाबांना गाडीत बसवून ठेवू नका. खाली उतरवा, चालकाशेजारी उभं करा आणि तुम्ही बाजूला व्हा. तो पाकिस्तानी असो, बांगलादेशी असो की मल्याळी, चालक चालकाशी बोलतो. परतताना पुन्हा हवा भरतात, तेव्हाही तेच. पुढे वाटेत सबखा लागेल: खारवट सपाट जमीन, वरून पापडासारखी कडक, खाली चिखल. तिच्यावर कुठून गाडी घालायची आणि कुठून नाही, हे चालक रंगावरून ओळखतो. बाबांना ते बघायला सांगा, मुलालाही त्यांच्याशेजारी उभं करा. नातवाला आजोबा काय करायचे हे कळायची अशी संधी सांगलीतही आली नसेल.

पुढची सीट मात्र बाबांना देऊ नका. मन मोडेल तरी. ती आईंची. पुढे हादरे मागच्यापेक्षा कमी बसतात. मधल्या ओळीत बाबा आणि तुम्ही दोघं, सगळ्यांत मागे मुलगा, ती सीट मागच्या चाकांवरच असते आणि तिथे सगळ्यांत जास्त उडायला होतं, म्हणजे त्याचीही सोय झाली. प्रत्येक सीटला चालू पट्टा आहे ना, हे बुकिंगआधी विचारा; मागच्या ओळीला असतोच असं धरू नका. मुलाची हौस फिटायची असेल तर चालकाशी आधीच ठरवा: आईबाबा आणि तुम्ही सीलाइनच्या सुरुवातीच्या जागेवर, माणसांत, चहा घेत बसा, यजमान आणि मुलगा पंधरा-वीस मिनिटं समोरच्याच टेकड्यांवर चक्कर मारून येतील. म्हाताऱ्या माणसांना आत वाळवंटात उतरवून गाडी नजरेआड न्यायची नाही, कितीही 'पाच मिनिटांत येतो' म्हणाले तरी. उंटाची फेरीही आईबाबांना नको. उंट आधी मागचे पाय सरळ करून उठतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे फेकल्यासारखा होतो. ससाणा हातावर घेऊन फोटो काढायचा तर खुशाल काढा. आईंना तो चिकन सिक्स्टीफाइव्हच्या जातीचा वाटेल, पण काढा.

विम्याचंही एकदा बघून घ्या. २०२३पासून कतारला येणाऱ्या पाहुण्यांना आरोग्य विमा सक्तीचा आहे, तो तुम्ही व्हिसाच्या वेळी काढला असेलच. पण तो मूळ विमा आणीबाणी आणि अपघातापुरता असतो. बायपाससारख्या जुन्या दुखण्याचं काय, ते कागद उघडून वाचा. मदतीचा नंबर ९९९. हिवाळी तंबूंच्या हंगामात सीलाइनला सरकारी दवाखानाही चालतो. जाताना तो कुठे आहे हे चालकाला विचारून ठेवा. भावालाही हे सगळं कळवा. त्याला हवीत ती उत्तरं आहेत, तुमचा राग नव्हे.

राहता राहिला सतरा हजारांचा प्रश्न. यावर आपल्याकडे एक ठरलेलं खोटं आहे: 'आई, ऑफिसकडून फुकट मिळालंय.' मी स्वतः ते बोललेय आणि पकडले गेलेय, कारण पुढच्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्या सहकारी मैत्रिणीला विचारलं, 'तुम्ही कधी जाणार फुकटात?' तेव्हा खोटं नको. त्यांना सांगा, पाच माणसांची गाडी आहे, माणशी १४० रियाल पडतात, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. तरी त्या रुपयांतच हिशोब करतील. करू द्या. पैशांची काळजी करणं हा त्यांचा घरात असलेला शेवटचा अधिकार असतो, तो आपण प्रेमाने काढून घेतो आणि मग त्या गप्प होतात. उलट त्यांच्यावर काम सोपवा. टूरवाले देतात त्या सँडविचऐवजी डबा त्यांचाच: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. पोट तुडुंब भरून निघू नका, हादऱ्यांनी मळमळतं. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवा. आणि खरकटं, साली, कागद सगळं पिशवीत परत आणायचं. ती राखीव निसर्गभूमी आहे. शिवाय वाळवंटात काही कुजत नाही; केळ्याचं साल महिनोन् महिने तसंच चामड्यासारखं पडून राहतं.

आणि डॉक्टर नको म्हणाले तर? मग खोर अल अदैद सोडून द्या, हळहळ न करता. सीलाइनपर्यंत डांबरी रस्ता आहे, तुमची रोजची गाडी जाते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला वाळू, रस्त्यालगत. टायरांची हवा सोडणारे तिथेच उभे असतात, म्हणजे बाबांचा कार्यक्रम चुकत नाही. किंवा उत्तरेला जा, अल खोरजवळच्या अल थखीराला. तासाभराचा सरळ रस्ता, आणि वाळवंटाच्या कडेला अचानक तिवरांचं हिरवं रान. कोकणात तिवरांकडे कुणी ढुंकून बघत नाही. तिथे तीच झाडं बघितली की डोळे निवतात. त्याच बाजूच्या एका लहान बेटावर हजारो वर्षांपूर्वी समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढत असत. आईंना लुगड्यांच्या रंगांची पारख असेल तर त्यांना ही गोष्ट वाळूपेक्षा जास्त आवडेल.

पण कुठेही जायचं ठरवण्याआधी आज संध्याकाळी एक करा. बाबा करक प्यायला खाली उतरतील तेव्हा तुम्हीही जा. 'तुम्हाला जायचंय का' असं विचारू नका, ते हो म्हणतील. विचारा, 'बाबा, वाळूत गाडी घालायची तर टायरात हवा किती ठेवायची?' मग काय बोलतात ते ऐका.

हो, एक राहिलंच. त्या मोठ्या गाडीची पायरी उंच असते, आईंचा गुडघा तिथपर्यंत उचलला जाणार नाही आणि त्या कुणाला हात मागणार नाहीत. न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं छोटं स्टूल बरोबर घ्या. परत येताना ते वाळूत राहून जातं. डब्याच्या पिशवीला दोरीने बांधूनच ठेवा.